४३ सेकंद आणि २४ तास

२० जून २०१८

या दिवशी गिटहबने आपल्या डेटाबेसची रचना समजावून सांगणारा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. लेखक होते श्लोमी नोआख, ऑर्केस्ट्रेटर या साधनाचे कर्ते. पुढे जे घडले त्याची कहाणी मी या दिवसापासून सुरू करतो, कारण त्यातला मोठा भाग त्या लेखात आधीच लिहून ठेवलेला होता.

प्रोग्रामर गिटहबवर कोड ठेवतात, तो गिटच्या भांडारांत राहतो. पण कोडभोवतीचा सगळा संसार मायएसक्यूएलच्या डेटाबेसात असतो: कोणी कोणती त्रुटी नोंदवली, कोणाचा बदल कोणी मंजूर केला, कोणाला कुठे शिरायची परवानगी आहे. प्रत्येक डेटाबेसचा एक प्रायमरी सर्व्हर. लिहायचे ते फक्त त्याच्याकडे. बाकीचे सर्व्हर म्हणजे रेप्लिका, प्रायमरीने लिहिलेले उतरवून घेणारे आणि वाचणाऱ्यांना देणारे. प्रायमरी आणि त्याच्या रेप्लिका मिळून एक क्लस्टर.

प्रायमरी कोसळला तर त्याच्या जागी कोणाला बसवायचे हे मायएसक्यूएल स्वतः ठरवत नव्हते. ते काम बाहेरच्या ऑर्केस्ट्रेटरकडे होते. त्याचे नोड तीन ठिकाणी होते आणि त्यांच्यात एकमत होई ते राफ्ट नावाच्या पद्धतीने. स्टॅनफर्डच्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडलेली ही पद्धत. तिचा गाभा आपल्याला ग्रामसभेवरून ठाऊक आहे: गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव नाही. तीनपैकी दोन ठिकाणचे नोड एकमेकांना दिसत असतील तरच नवा प्रायमरी नेमता येतो. नेमणूक झाली की ती कॉन्सल या दुसऱ्या सेवेत नोंदवली जाते आणि सगळ्यांना कळते. ही व्यवस्था प्रायमरी सर्व्हरचा मृत्यू साधारण १० ते १३ सेकंदांत निस्तरत असे. उत्तम काम होते ते.

त्याच लेखात दोन गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या होत्या. पहिली अशी की नोंद पक्की झाली असे सांगण्याआधी प्रायमरी जी पोच घेतो, ती त्याच डेटा सेंटरमधल्या रेप्लिकेची. संपूर्ण डेटा सेंटर गेले तर एकही नोंद हरवणार नाही, अशी अपेक्षा त्यांनी धरलेलीच नव्हती, कारण ती महागात पडते. दुसरी अशी की एखादे डेटा सेंटर बाकीच्यांपासून तुटले आणि प्रायमरी त्याच्याच आत असला, तर आतली ॲप्लिकेशन त्याच्यावर लिहीत राहू शकतात आणि जाळे पूर्ववत झाल्यावर दोन्हीकडच्या नोंदी जुळणार नाहीत.

म्हणजे मुखिया कोण हे बहुमताने ठरत होते. मुखियाने लिहिलेली नोंद मात्र बहुमताने पक्की होत नव्हती. माझ्या मते सगळा अपघात या दोन वाक्यांमधल्या फटीतून आला.

सोमवार, २२ ऑक्टोबर २०१८, पहाटे ४.२२

दसरा होऊन चार दिवस झाले होते. घटना अमेरिकेतली असली तरी वेळा भारतीय देतो आहे, कारण आपल्याकडचा कामाचा अख्खा दिवस तिने व्यापला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रविवारची संध्याकाळ होती, सात वाजायला आठ मिनिटे कमी.

ठरलेले देखभालीचे काम सुरू होते. १०० गिगाबिटचे एक ऑप्टिकल उपकरण बिघडत चालले होते, ते बदलायचे होते. त्या कामात पूर्व किनाऱ्यावरचे गिटहबचे नेटवर्क केंद्र आणि तिथलेच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला दुवा तुटला.

४३ सेकंदांत तो परत जोडला गेला.

या ४३ सेकंदांत काय झाले ते सावकाश पाहायला हवे. मुख्य डेटा सेंटरमधला ऑर्केस्ट्रेटर तोवर नेता होता. तो आता एकटा पडला. पश्चिम किनाऱ्यावरचे डेटा सेंटर आणि पूर्वेकडच्या पब्लिक क्लाउडमधले नोड मात्र एकमेकांना दिसत होते. तीनपैकी दोन, गणपूर्ती झाली. त्यांनी नियमाप्रमाणे जुन्या नेत्याला उतरवले, पूर्वेचे प्रायमरी गेले असे धरले आणि एकामागून एक क्लस्टर पश्चिमेच्या सर्व्हरांच्या हवाली केला.

पूर्वेचे सर्व्हर गेले नव्हते. वीज होती, डिस्क चालू होत्या, आतली ॲप्लिकेशन नोंदी पाठवत होती आणि जुने प्रायमरी त्या घेत होते. शेजारच्या रेप्लिका पोच देत होत्या, म्हणून वापरणाऱ्याला उत्तर जात होते की नोंद झाली. काही सेकंदांच्या या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नाहीत. दुवा परत जुळताच ॲप्लिकेशनांना नवे प्रायमरी दिसले आणि सगळे लिखाण पश्चिमेकडे वळले.

ग्रामपंचायतीचेच उदाहरण घ्या. पुराने रस्ता तुटला म्हणून उरलेल्या पंचांनी गणपूर्ती करून नवा सरपंच निवडला. ठराव कायदेशीर, शंकाच नाही. पण पंचायतीचे दप्तर जुन्या सरपंचाकडे, आणि पलीकडच्या वाडीतले लोक अजून त्याच्याचकडे नोंदी करत आहेत. नव्या सरपंचाने आपल्याकडच्या नकलेवर पुढची पाने लिहायला घेतली. पूर ओसरला तेव्हा गावाला सरपंच एक आणि दप्तरे दोन. दोन्ही खरी, दोन्ही अपुरी.

पहाटे ४.२४ ते ४.४३

दोन मिनिटांत इशाऱ्यांच्या घंटा वाजू लागल्या. ४.३२ पर्यंत पहिल्या फळीच्या इंजिनिअरांना कळले की अनेक क्लस्टरांची मांडणी भलतीच झाली आहे. ऑर्केस्ट्रेटरला विचारले तर त्याने दाखवलेल्या नकाशात फक्त पश्चिमेचे सर्व्हर होते. पूर्वेचा मागमूस नाही. ४.३७ ला त्यांनी नवे बदल चढवणारी साधने हाताने बंद केली, म्हणजे गोंधळात आणखी भर नको. ४.३९ ला साइटची जाहीर स्थिती पिवळी, ४.४३ ला लाल.

डेटाबेसच्या लोकांना बोलावणे गेले. पहिला विचार साहजिकच असा झाला की पूर्वेचे प्रायमरी परत जागेवर बसवावेत. पण पर्यायांचा विचार होईपर्यंत पश्चिमेने बरेच लिखाण घेतले होते. पूर्वेला परत गेले तर ते सगळे पुसले जाणार. पश्चिमेलाच राहिले तर पूर्वेचे ते थोडे सेकंद लोंबकळत राहणार आणि साइट रडतखडत चालणार. कारण ॲप्लिकेशन पूर्वेला आणि लिखाण पश्चिमेला. मधे सगळा अमेरिका खंड. प्रकाशाला काचेच्या तारेतून हा रस्ता जाऊन-येऊन करायला साठ-सत्तर मिलिसेकंद लागतात. एखादे पान उभे करताना डेटाबेसला एकापाठोपाठ एक कितीतरी प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येकाला एवढा वेळ. शेजारी बसलेल्या डेटाबेससाठी लिहिलेली ॲप्लिकेशन हे ओझे पेलू शकत नव्हती.

पहाटे ४.४९

गिटहबने निवड केली. लोकांच्या नोंदी आधी, साइटचा वेग नंतर. वेबहूक, म्हणजे बाहेरच्या सेवांना जाणारे निरोप, पाठवणे आणि पेजेस या संकेतस्थळे बनवणाऱ्या सेवेचे बिल्ड जाणूनबुजून थांबवले, कारण ते चालू ठेवले असते तर लोकांनी आधीच दिलेल्या नोंदी धोक्यात आल्या असत्या. या निर्णयाबद्दल मला त्या चमूचा मनापासून आदर वाटतो. साइट लवकर हिरवी दाखवण्याचा मोह अशा वेळी किती जोरकस असतो, हे पहाटे फोन वाजून उठलेल्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत आहे.

पहाटे ५.३५ ते ६.११

योजना ठरली. पूर्वेच्या डेटाबेसांची बॅकअपवरून पुन्हा उभारणी करायची. मग पश्चिमेचे लिखाण त्यांच्यात उतरवायचे, दोन्ही किनारे जुळवायचे, कारभार पूर्वेला परत न्यायचा, आणि अखेरीस थकलेली कामे हातावेगळी करायची.

बॅकअप दर चार तासांनी घेतले जात होते, ही जमेची बाजू. पण ते दूरच्या क्लाउडवर होते आणि आकार कित्येक टेराबाइटचा. आणायचे, उलगडायचे, पडताळायचे, नव्या सर्व्हरांवर चढवायचे. ही रीत रोज तपासली जात होती. मात्र एखादा संपूर्ण क्लस्टर शून्यातून उभा करायची वेळ त्याआधी आली नव्हती. ६.११ ला सगळ्या बाधित क्लस्टरांसाठी हे काम लागले.

सकाळचे तास

आता फक्त वाट पाहणे. हिंजवडीत आणि ऐरोलीत लोक कामावर येऊन बसले तेव्हा गिटहब अशा अवस्थेत होते. कोड गिटहबवर चढवता येत होता, पण ज्यांचे बिल्ड वेबहूकच्या हाकेवर सुरू होतात त्यांना ती हाक येत नव्हती. पानांवर जुनी माहिती दिसत होती.

या रिकाम्या तासांत मूळ प्रश्नाकडे वळतो. एकमत बाहेरच्या सेवेकडून घ्यावे, की ते डेटाबेसच्या आतच मुरलेले असावे?

बाहेरची सेवा घेणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. गूगलच्या माइक बरोज यांनी २००६ साली चबी या कुलूपसेवेवर निबंध लिहिला. त्यातला युक्तिवाद आजही पटतो: तयार प्रणालीत कुलूप घेण्याच्या चार ओळी घालणे सोपे, सगळी प्रणाली एकमताच्या पद्धतीवर नव्याने रचणे अवघड. झूकीपर आला तो याच गरजेतून, पुढे एटसीडी आणि कॉन्सलही. बहुमताचे नाजूक काम एकाच ठिकाणी, जाणत्या हातांनी केलेले, आणि बाकी सगळ्यांनी ते वापरायचे. मायएसक्यूएलवर इतकी वर्षे उभ्या असलेल्या कंपनीने हा मार्ग धरला, त्यात वावगे काही नाही.

पण बाहेरच्या पंचाला एवढेच कळते की कोण जिवंत दिसतो. कोणाला काय माहीत आहे हे त्याला कळत नाही. ऑर्केस्ट्रेटरच्या आतले राफ्ट ऑर्केस्ट्रेटरच्या स्वतःच्या वहीपुरते चोख होते. मायएसक्यूएलच्या वहीत शेवटची ओळ कोणती, यावर त्या मतदानाचा अंमल नव्हता.

आता तेच राफ्ट डेटाबेसच्या आत असते तर? कॉक्रोचडीबी किंवा टायडीबी या डेटाबेसांत ते तसेच आहे. मायएसक्यूएललाही २०१६ च्या डिसेंबरपासून ग्रुप रेप्लिकेशन हा अंगभूत मार्ग उपलब्ध होता, तो पॅक्सॉस या एकमताच्या दुसऱ्या पद्धतीच्या घराण्यातला. तिथे नोंद बहुसंख्य प्रतींवर उतरल्याशिवाय पक्की म्हणतच नाहीत. तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या आहेत असे समजा. एकटा पडलेला पूर्वेचा नेता त्या ४३ सेकंदांत नोंदी घेऊ शकला नसता. वापरणाऱ्याला उशीर किंवा चूक दिसली असती, पण खोटे आश्वासन मिळाले नसते. शिवाय राफ्टचा दुसरा नियम असा की ज्याची वही मतदारापेक्षा मागे आहे त्याला मत मिळत नाही. म्हणून नवा नेता असाच निवडला जातो की आजवर पक्की झालेली प्रत्येक नोंद त्याच्याकडे आहे. दोन दप्तरांचा प्रश्नच उभा राहत नाही.

याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीला दुसऱ्या ठिकाणच्या पोचेची वाट पाहावी लागते. ती पोच पश्चिम किनाऱ्याकडून यायची असेल तर प्रत्येक लिखाणाला खंडभराची फेरी. पूर्वेच्याच जवळच्या दुसऱ्या ठिकाणाहून येत असेल तर ती काही मिलिसेकंदांत भागते, पण तिथे तेवढे पूर्ण बळाचे सर्व्हर सतत चालवावे लागतात. आणि नेतेपद पश्चिमेला गेलेच, तर ॲप्लिकेशनांची दमछाक आतल्या एकमतानेही थांबत नाही. ते दप्तर एक ठेवते. भूगोल बदलणे त्याच्या हातात नाही.

बाहेरची सेवाच ठेवायची तर तिच्यासोबत कुंपण हवे. जुन्या मुखियाच्या हातून लेखणी काढून घेतल्याशिवाय नव्याला ती देऊ नये, आणि लिखाण घेणाऱ्यानेच जुना शिक्का नाकारावा. चबीच्या त्या निबंधात यासाठी चढत्या क्रमांकांची सोय होती. गिटहबच्या जूनमधल्या लेखातही तुटलेल्या डेटा सेंटरच्या आतूनच जुना प्रायमरी खाली घेण्यावर काम चालू असल्याचे म्हटले होते. तो उपाय वाटेत होता. ऑक्टोबर आधी आला.

काफ्का या संदेश वाहणाऱ्या प्रणालीचा प्रवास इथे आठवतो. वर्षानुवर्षे काफ्काची नेतेनिवड बाहेरच्या झूकीपरवर टेकलेली होती. २०१९ मध्ये तो टेकू काढून स्वतःचे राफ्ट आत आणायचा प्रस्ताव आला आणि २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत झूकीपर पूर्णपणे गेला. एक सत्य झूकीपरकडे आणि दुसरे काफ्काच्या नियंत्रकाच्या स्मृतीत, अशी दोन ठिकाणची जुळवाजुळव करण्यात त्या लोकांनी फार शक्ती घालवली होती. जवळजवळ सहा वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे. आत आणणे म्हणजे एका दुपारचे काम नव्हे.

दुपारी १२.२१

काही क्लस्टर बॅकअपवरून उभे राहिले आणि पश्चिमेकडून नवे लिखाण उतरवून घेऊ लागले. १.१६ ला गिटहबने लोकांसाठी सविस्तर निवेदन काढले. त्यालाही उशीर झाला, कारण त्यांचे निवेदनाचे पान पेजेसवरच बनत होते आणि पेजेसचे बिल्ड पहाटेपासून थांबलेले.

दुपारी ४.४२

सगळे प्रायमरी पूर्वेला परतले. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस पुन्हा शेजारी आले, साइट हलकी झाली. पण वाचायच्या डझनावारी रेप्लिका अजून कित्येक तास मागे होत्या. एकाच माणसाला एकाच पानावर एकदा नवी आणि एकदा जुनी माहिती दिसे, विनंती कोणत्या रेप्लिकेच्या वाट्याला गेली यावर. मागे पडलेले अंतर सरळ रेषेत भरून निघेल असा अंदाज होता, तो चुकला. ते आधी झपाट्याने कमी झाले आणि मग अगदी सावकाश.

संध्याकाळी ६.४५

युरोपचा कामाचा दिवस भरात, अमेरिकेची सकाळ सुरू. लिखाणाचा ओघ वाढला आणि रेप्लिकांचे मागे पडणे कमी होण्याऐवजी वाढू लागले. पूर्वेच्या पब्लिक क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभारायला आधीच घेतल्या होत्या. वाचणाऱ्यांची गर्दी त्यांच्यावर पसरली, तेव्हा बाकीच्यांना दम घ्यायला फुरसत मिळाली.

रात्री ९.५४

रेप्लिका जुळल्या. मांडणी मूळ रूपात आली. स्थिती तरीही लालच ठेवली आणि ते योग्य होते, कारण मागे ५० लाखांहून अधिक वेबहूक आणि पेजेसचे ८० हजार बिल्ड थकलेले होते. १०.१५ ला हा डोंगर उपसायला घेतला. त्यातले सुमारे दोन लाख वेबहूक व्यवस्थेने स्वतःच टाकून दिले, कारण त्यांची ठरलेली मुदत उलटून गेली होती. हे ध्यानात येताच काम थांबवले, मुदत वाढवली आणि पुन्हा सुरू केले.

या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त टोचणारी नोंद हीच. इतका वेळ ज्या व्यवस्थेने एकही नोंद जाऊ नये म्हणून लढा दिला, तिच्याच एका विसरलेल्या मर्यादेने दोन लाख निरोप गिळले.

मंगळवार, २३ ऑक्टोबर, पहाटे ४.३३

सगळे थकलेले काम संपले, सर्व प्रणालींची पडताळणी झाली, स्थिती हिरवी. दुवा तुटल्यापासून २४ तास ११ मिनिटे झाली होती. तीन दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ७.५ अब्ज डॉलरच्या व्यवहारात गिटहब मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले.

३० ऑक्टोबरला गिटहबचे तंत्रज्ञानप्रमुख जेसन वॉर्नर यांच्या नावाने अहवाल आला. ऑर्केस्ट्रेटरने चूक केली असे त्यात कुठे म्हटलेले नाही, आणि ते खरेच आहे. त्याला जसे सांगून ठेवले होते तसेच तो वागला. ॲप्लिकेशनांना न झेपणारी मांडणी उभारायची मुभा त्याला माणसांनी दिली होती. अहवालातल्या तांत्रिक उपायांत पहिला होता तो असा की ऑर्केस्ट्रेटरने एका प्रदेशाची सीमा ओलांडून प्रायमरी नेमू नये. एकाच प्रदेशातली नेतेनिवड चालू राहणार होती. किनारा बदलायचा असेल तर तो निर्णय यापुढे यंत्राच्या गणपूर्तीवर होणार नव्हता.

तुमच्या प्रणालीतही एखादा ऑर्केस्ट्रेटर, कॉन्सल किंवा झूकीपर नेता निवडत असेल, तर त्याची सेटिंग आज उघडून दोन गोष्टी पाहा: जुन्या नेत्याची लेखणी कोण काढून घेते, आणि नवा नेता किती दूरचा असू शकतो.

पूर्वेच्या त्या काही सेकंदांतल्या नोंदी सर्व्हरांच्या वह्यांत, म्हणजे मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगमध्ये, शाबूत होत्या. गिटहबच्या अतिशय वर्दळीच्या क्लस्टरांपैकी एकात त्या मोजल्या तेव्हा ९५४ भरल्या. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हाही इंजिनिअर त्या लॉगमधून जात होते, कोणती नोंद आपोआप जुळवता येईल आणि कोणत्या नोंदीसाठी वापरणाऱ्याशी संपर्क साधावा लागेल हे ठरवत.